रानमांजराची भवानी

कुणाचं पोर दारू पितं, कुणाचं पत्ते कुटतं, कुणाचं पुढाऱ्याच्या गाडीमागं झेंडा घेऊन पळतं. ते छबूबाईला समजत होतं. चार बायकांत बसून रडता तरी येतं त्याच्यावर. पण तिचा कानिफ टोप्या घेत होता. त्याही मोबाइलातल्या!

"डोक्यावर घालता यीना, उनात ना पावसात कामाला यीना, आन रोज एक!" मिरजगावात भेटेल त्याला ती हे गाऱ्हाणं ऐकवायची.

कानिफनं एकदा तिला दाखवलं होतं. गेममध्ये त्याचा एक बाहुला होता, मिशाळ, दंड ह्ये एवढाले. आणि त्या बाहुल्याच्या नावावर टोप्यांचा नुसता ढीग. बाहुल्याला जरीची टोपी, आणि इकडं कानिफच्या शर्टाला मधली दोन बटणं नाहीत.

"निदान खेळतो तरी का रं?"

"खेळता येत न्हाई, आये. उतरलो की मरतो."

"मग कशापायी घेतो?"

कानिफ भजी उलटायला लागला. अडचणीचं काही विचारलं की त्याची भजी नेमकी तेव्हाच करपायची. शेवटी छबूबाईनं झारा उगारला, तेव्हा कुठं तोंडातून चार शब्द पडले. रानमांजर नावाचं कुणी आहे. ते रोज संध्याकाळी गेम खेळतं आणि खेळता खेळता बोलतं. लोक बघतात, खाली काहीबाही लिहितात. गेमच्या दुकानात काही घेताना एका रकान्यात रानमांजराचं नाव टाकलं, की कंपनी त्यातला वाटा रानमांजराला देते. आपल्याला वस्तू त्याच भावात पडते.

"मग तिचं… म्हंजी त्याचं दुकान, म्हंजी संध्याकाळचा खेळ, उघडायच्या आदी मी भवानी करतो. सगळ्यात सस्ती टोपीच असती. तूच म्हंती ना, भवानी झाल्याबिगर दुकानाला बरकत न्हाई?"

छबूबाईनं झारा खाली ठेवला. दुसरी इयत्ता शिकलेल्या बाईनं हायवेवर हॉटेल उभं केलं ते याच नेमावर. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक रोख पाहिजे, आणि परकं पाहिजे. घरच्या माणसानं घरच्या गल्ल्यात पैसे टाकले तर ती भवानी नव्हे, तो पोरखेळ. तिचीच शिकवण पोरानं नेऊन रानमांजराच्या पदरात घातली होती!

पण सोमवारपासून टोप्या बंद झाल्या. छबूबाईला आनंद व्हायला पाहिजे होता. तो काही झाला नाही, कारण कानिफ मिसळीत साखर आणि चहात मीठ टाकायला लागला.

"मेलं का काय तुझं रानमांजर?"

"दुकान बंद केलं तिनं," एवढंच तो म्हणाला, आणि कांदा चिरायला बसला. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं, असं म्हणायची सोय झाली.

तिनं. छबूबाईनं तो शब्द बरोबर टिपला, आणि कनवटीला लावून ठेवला.

हस्ताचा पाऊस त्या दिवशी पहाटेपासून लागला होता. नऊ वाजले तरी हॉटेलात चिटपाखरू नाही, भवानी नाही. छबूबाई गल्ल्यावर बसून ढगांना शिव्या घालत होती. तेवढ्यात सोलापूरला निघालेली एसटी बरोबर दारासमोर फुस्स करून बसली. टायर गेलं. सगळे प्रवासी खिडक्या लावून आतच बसले. एकच पोरगी ओढणी डोक्यावर घेऊन, छातीशी फाइल धरून, चिखलातनं उड्या मारत आत शिरली. केसांतनं पाणी गळतंय, आणि चेहरा असा हसरा, की पाऊस जणू तिनंच बोलावला होता.

"मावशी, एक चहा! आलं जरा सढळ हातानं. मांजर भिजलंय पार."

मागं मोरीपाशी काचेचा ग्लास फुटला.

छबूबाईनं वळून बघितलं. कानिफ उभा होता. हातात ग्लास नव्हता, पण बोटं तशीच वाकलेली.

चहा उकळून ग्लासात आला. पोरीनं फोन काढला, गल्ल्यावरच्या कोडसमोर धरला, हलवला, वर धरला. पावसानं टॉवर गेला होता. पिशवी उपसली, तर रोख एक पैसा नाही.

"मावशी, नेट आलं की लगेच—"

"भवानी हाय माझी. भवानीला उधारी न्हाई." छबूबाईनं ग्लास आपल्याकडं ओढून घेतला.

पोरीला राग आला नाही. उलट मान डोलावली. "बरोबर आहे. माझ्या आईचं पारनेरला बांगड्यांचं दुकान आहे. भवानीच्या आधी सख्ख्या बहिणीला उधार देत नाही ती. राहू द्या मग. वास घेते नुसता."

आणि खरंच डोळे मिटून वास घ्यायला लागली! ओठ थंडीनं निळे. पण नेम तो नेम.

तेवढ्यात कानिफ आला. ओल्या हातानं दहाचं नाणं त्यानं आईपुढं ठेवलं. "घे. झाली भवानी. दे तिला."

मग मात्र छबूबाईचा भडका उडाला. "घरच्या मानसाची भवानी चालती व्हय रं? आक्कल गहाण टाकली का? तिकडं मोबाइलात त्या रानमांजराची भवानी करून करून टोप्यांचा डोंगर केला, आन आता हितं आईच्याच गल्ल्यात आईचंच पैसं!"

पोरगी बाकावरनं उठली. फाइल खाली पडली, तिकडं तिचं लक्षही नव्हतं.

"काय म्हणालात? कुणाची भवानी?"

"मांजराची बाई, मांजराची! ह्यो रोज एक टोपी—"

"रोज संध्याकाळी," पोरगी हळूच म्हणाली. आता ती छबूबाईकडं बघतच नव्हती. "सातच्या आधी. सगळ्यात स्वस्त टोपी."

कानिफनं मान खाली घातली. कान लाल. छबूबाईनं एकदा पोराकडं बघितलं, एकदा पोरीकडं, आणि कनवटीचा तो शब्द सोडला. तिनं! अगं बया, हेच का ते मांजर! तिनं गुपचूप चहाचा ग्लास पोरीपुढं सरकवला, आणि पाठ फिरवून रिकामा गल्ला पुसत बसली. पाठीला कान असतात, हे शहाण्या पोरांना माहीत पाहिजे.

"तुम्हीच का ते भवानीवाले?"

"…व्हय."

"कोण घेतंय ते मला दिसत नाही. नुसती टोपी आलेली दिसते. चारदोन माणसं बघायची, त्यातली निम्मी शिव्या द्यायची. पोरगी गेम खेळते म्हणून. मी तोंडसुद्धा दाखवत नव्हते, नुसता आवाज. पण भवानी झालेली दिसली, की वाटायचं, उघडावं दुकान." तिनं चहाचा घोट घेतला. "रविवारी मी किती वेळा म्हटलं… भवानीवाले, आज तरी नाव सांगा, नाहीतर उद्यापासून शटर खाली. का नाही सांगितलं?"

"लिव्हलं हुतं."

"मग?"

"पुसलं."

"अहो, का?"

"तुमी म्हनला असता, मिरजगावचा भजीवाला…"

"मी बांगडीवालीची स्नेहल!" ती फणकारली, आणि लगेच हसली. "आणि एवढ्या टोप्या घालता कुठं हो?"

"घालत न्हाई. उतरलो की मरतो."

"लगेच?"

"पहिल्या झटक्यात."

स्नेहल एवढी हसली की चहा हिंदकळला. छबूबाईलाही हसू आलं, पण ते तिनं फडक्यात दाबलं.

बाहेर कंडक्टरनं शिट्टी मारली. "सोलापूर! चला, टायर बसलं! ओ ताई, फाइलवाल्या!"

स्नेहलनं फाइल उचलली, झटकली. "नोकरीची मुलाखत आहे. दुकान बंद, म्हणून नोकरी… जाते मी." जाते म्हणाली, आणि जागची हलली नाही. ओढणीचं टोक पिळत उभी. पाणी तर कधीच निथळून गेलं होतं.

छबूबाईचा जीव वर-खाली व्हायला लागला. बोल की रं मुडद्या! रविवारी पुसलंस, आज पुसलंस तर एसटी काय रोज पंक्चर व्हायची नाही. पण तिनं गल्लाच पुन्हा पुसायला घेतला. काही भवान्या ज्याच्या त्यानंच करायच्या असतात.

कढईत भजी नव्हती, उलटायला काही नव्हतं. कानिफनं दोन्ही हात शर्टाला पुसले.

"बंद नका करू."

"काय?"

"दुकान. नोकरी करा, पन… संध्याकाळचं दुकान बंद नका करू."

"का? भवानीची सवय झाली?"

"आवाजाची." तो एक पाऊल पुढं आला. मग एका दमात म्हणाला, "तुमचा आवाज आला न्हाई तर दिस मावळत न्हाई माजा. चहात मीठ पडतं."

पत्र्यावरचा पाऊस मंदावला होता. स्नेहलच्या गालावर थेंब होता तो होताच, पण त्याखालचा गाल आता गुलाबी झाला होता.

"नाव?" ती म्हणाली.

"कानिफ."

"आज सात वाजता उघडते. सोलापुरातून का होईना. टोपी नको आज. हे नाव लिहायचं. आणि पुसायचं नाही."

"न्हाई पुसत."

"उद्या परत येताना एसटी थांबवीन इथं."

"पंक्चर न्हाई झाली तर?"

"हात आहेत की मला! करीन."

तेवढ्यात तिच्या हातातला फोन टुणकन वाजला. टॉवर आला होता. तिनं धावत येऊन कोडसमोर फोन धरला. गल्ल्यावरचा डबा बोलला, "दहा रुपये प्राप्त झाले." छबूबाईनं त्या डब्याला हात लावला, आणि तो हात कपाळाला.

"झाली ना हो मावशी भवानी?"

"झाली. पळ आता, त्यो कंडक्टर लई कडू हाय."

ती पळाली. शेवटच्या खिडकीतनं ओला हात बाहेर आला, आणि एसटी वळणावरनं दिसेनाशी झाली तरी कानिफ भिजत रस्त्यातच उभा. त्याचं दहाचं नाणं गल्ल्यापाशी तसंच पडलेलं. छबूबाईनं ते उचललं, रस्त्यात आली, आणि त्याच्या बिनबटणाच्या शर्टाच्या खिशात टाकलं.

"ह्येला बटनं लाव, उद्या ती यायच्या आत. आन कान्या, ऐकून ठिव. आज तिच्या हातची भवानी मी घेतली, कारन ती परकी हाय. पन लई दिस चालू देऊ नको असलं. घरच्या मानसाची भवानी आपल्यात चालत न्हाई, आन मला ती पोरगी पसंत हाय."