विझलेली पेशी

सकाळी बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तडक संस्थेच्या संचालकांना बोलावलं.

स्मृती पोखरणाऱ्या आजारात मेंदूच्या पेशीत गुठळी कशी धरते, हे बाई पेशींत चमकणारा हिरवा रंग भरून पाहत. बशीतल्या हजारो पेशींपैकी एकीत अशी गुठळी धरू लागली होती. बाईंची सारी भिस्त तिच्यावर. आज नेमकी तीच काळीठिक्कर पडली होती. शेजारच्या पेशी मात्र लखलखत होत्या.

"यंत्राचा दिवा रात्रभर चालू राहिला," संचालक म्हणाले. "उन्हानं पडद्याचा रंग उडतो, तसा उडाला. काम तुमच्या धांदरटाचंच. आजच त्याला घरी पाठवतो."

धांदरट म्हणजे बाईंचा विद्यार्थी. दाराशी रडवेला उभा होता.

"दिवा बंद केला होतास?" बाईंनी विचारलं.

"हो बाई. आईशप्पथ."

"कोणत्या लेन्सनं पाहिलंस?"

"छोट्या. तेलाच्या लेन्सला हातच लावला नाही. मागच्या वेळी तिच्यावर तेल तसंच राहिलं, तर सरांनी कान उपटले."

"मागच्याच वेळी?"

"दर वेळी," तो पुटपुटला.

सर म्हणजे संचालकांमागे उभे असलेले बाईंचे यजमान. एकेकाळी बाई त्यांच्याच हाताखाली शिकल्या होत्या. खोलीच्या किल्ल्या बाई, सर आणि हा विद्यार्थी, या तिघांकडेच.

"किती पाठीशी घालशील त्याला?" सर म्हणाले. "तुझं नाव झालं, आता तुझ्या माणसांना सगळं माफ का?"

बाई यंत्राकडे वळल्या. यंत्रावर छोटी लेन्स लावलेली होती. त्यांनी बशी उचलून तळाला बोट लावलं. चिकट लागलं. मग तेलाची लेन्स, बशीच्या तळाला तेलाचा थेंब लावून एकच पेशी जवळून पाहायची ती, फिरवून पुढे आणली. आरशासारखी स्वच्छ.

त्या खुर्चीत बसल्या.

"छोट्या लेन्सचा उजेड पसरतो. त्यानं रंग उडाला असता, तर आजूबाजूच्या पेशीही फिक्या पडल्या असत्या. इथे एकच विझली. म्हणजे तेलाच्या लेन्समधून उजेड तिच्यावरच रोखला. बशीला तेल आहे, मग लेन्सला का नाही? कुणीतरी ती पुसली, छोटी पुढे केली आणि दिवा चालू सोडला. आळ पोरावर यावा म्हणून."

"असेल कुणीतरी," सर म्हणाले.

"हजारांतली ती एक पेशी कोणती, हे मी घरी तुम्हाला दाखवलं होतं. जेवताना. आणि आळ पोरावरच घालायचा, तर लेन्स त्याच्यासारखी बरबटलेली ठेवायची होती. तुमच्या हाताला ते जमलं नाही. आधी लेन्स पुसायची, मग बाकीचं जग, हे मला पहिल्या दिवशी तुम्हीच शिकवलंत."



"परवाच्या सभेत एकानं विचारलं, बाईंचे यजमान का तुम्ही?" सर म्हणाले. "माझं नावही विचारलं नाही त्यानं."

संचालकांनी धांदरटाच्या खांद्यावर हात ठेवला. "तू कुठे जायचं नाहीस."

बाईंनी तळहात पुढे केला. "किल्ली."

सरांनी जुडग्यातून किल्ली सोडवली, सवयीनं रुमालानं स्वच्छ पुसली आणि त्यांच्या हातावर ठेवली.