दोन विशाल

घाटकोपरच्या तपासणी केंद्रात सिस्टरने "विशाल" अशी हाक मारली आणि बाकावरून आम्ही दोघं एकदम उठलो.

एचआयव्हीची तपासणी होती. पुरुषांवर प्रेम करणारे आम्ही पुरुष अशा ठिकाणी खरं नाव सहसा सांगत नाही. मी मावसभावाचं उसनं घेतलं होतं, त्या दुसऱ्याने रस्त्यावरच्या पाटीवरून उचललं होतं. सिस्टरने दोघांकडे शांतपणे बघितलं आणि आडनावं ठरवून या म्हणाली.

"खोटा कोण... तू की मी?" त्याने हळूच विचारलं. हसला तेव्हा गालाला खळी पडली, आणि माझी वाट लागली.

दोघांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. नुकती झालेली लागण लगेच दिसत नाही, म्हणून पुन्हा यायला सांगितलं. बाहेर चहा पिताना खरी नावं कळली. तो नितेश, मूळचा मालवणचा, मढच्या बंगल्यांत शूटिंगसाठी दिवे लावणारा. मी प्रबुद्ध.

मग पवईच्या तलावाकाठी भेटी सुरू झाल्या. गप्पा झकास चालायच्या, पण मी हात धरला की तो आक्रसायचा. एकदा मला मढच्या पार्टीला घेऊन गेला. तिथे नशेची पावडर फिरत होती. ती ओढल्यावर मात्र त्याने मला घट्ट मिठी मारली आणि म्हणाला, "तू माका आवडतस."

सकाळी त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं. मला फार लागलं ते.

"अशा पार्ट्यांत कोणाबरोबर होतो, निरोध वापरला की नाही, तेपण आठवत नाही," तो खाली बघत म्हणाला. "शुद्धीत असलो की माका माझीच लाज वाटता रे."

मी म्हटलं, "मग शुद्धीत बोलशील तेव्हा ये." त्यानंतर त्याचा फोन आला नाही. माझा जीव मात्र त्याच्यातच अडकला होता.

दुसऱ्या तपासणीला मी त्याच बाकावर बसलो होतो. तो आला, सरळ नावनोंदणीच्या खिडकीशी गेला. "नितेश परब," तो म्हणाला. "सिस्टर, मी पावडर घेतो. सोडायची आहे. कोणाशी बोलू?" सिस्टरने समुपदेशकांची खोली दाखवली, थोडं थांबायला सांगितलं.

तो माझ्याशेजारी येऊन बसला. "सकाळपासून फक्त चहा घेतलाय," तो म्हणाला, "आणि तरीपण... तू माका आवडतस."

मी काही बोलणार तेवढ्यात हाक आली, "विशाल."

तो मीच होतो. त्याला शुद्धीत ये म्हणणारा मी आजही खोटं नाव देऊन बसलो होतो.

मी त्याचा हात धरला. या वेळी त्याने तो सोडवून घेतला नाही. तसाच खिडकीशी गेलो.

"सिस्टर, माझं नाव प्रबुद्ध कांबळे," मी म्हणालो. "आम्ही दोघं बरोबर आहोत."