महानंदाचा अंगठा

"मावशी, स्वप्नाचं नाव यादीत नाही."

चांगुणाबाई शाळेच्या खिचडीचं पातेलं घासत होती. दारात विरेश सर उभे होते. ते दहावीचे वर्गशिक्षक, इंग्रजी शिकवायचे. चार दिवस प्रशिक्षणाला परभणीला होते, आजच ताडकळसला परतले होते. दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस. पाचला सगळं बंद.

"पोरगी आजारी हाय म्हणत होते तिच्या घरचे," चांगुणाबाई म्हणाली.

"आजारी नाही. नाव काढलंय."

कार्यालयात सरांनी अर्ज पुढे केला. मुलीला शाळेतून काढून घेत आहे, दाखला द्यावा. खाली निळ्या शाईचा अंगठा. त्यातून एक पांढरी तिरपी रेघ गेलेली. शेजारी कारकुनाच्या अक्षरात स्वप्नाच्या आईचं नाव : महानंदा बसवंतराव.

"कुणी आणला?"

"बसवंतरावांनी, सोमवारी. बाई सोबत नव्हत्या."

"सर, महानंदाला सही येती."

"तुम्हाला काय माहीत?"

"आमी दोघी संगंच शिकलो, चुलीपाशी बसून. शिकवणारी स्वप्नाच. सही आल्यापासून महानंदानं कुठं अंगठा दिला न्हाई. राशनची मशीन अंगठा मागती, तर तिथंबी म्हणली, सही चालंल का."

सर ताठ बसले. "मग हा अंगठा दुसऱ्याचा. फसवणूक दाखवता आली तर मुख्याध्यापक आत्ता नाव परत घेतील. पण पाचच्या आत."

त्यांनी कपाटातून स्वप्नाची इंग्रजीची वही काढली. दसऱ्याला पूजेत मांडलेली. पुठ्ठ्यावर विभूतीचे तीन पट्टे वाळले होते. खाली अंगठ्याचा ठसा, मधून चिरल्यासारखा.

"शेवटचा धडा हाच होता," सर पान उलटत म्हणाले. "शाळा सोडण्याचे इंग्रजी शब्द. लीव्ह म्हणजे नुसतं सोडणं, शिक्षण पुरं करूनसुद्धा. क्विट म्हणजे आपण ठरवून सोडणं. ड्रॉप आउट म्हणजे अर्ध्यातून गळणं. विथड्रॉ म्हणजे आईबापानं काढून घेणं. तिनं पहिल्या तीन शब्दांची वाक्यं केली. चौथ्याची ओळ मोकळी."

"का?"

"म्हणाली, सर, ह्याचं उदाहरण आमच्या घरात नाही."

चांगुणाबाईनं वही मिटली. पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मग अर्ज आणि वही दोन्ही खिडकीच्या उजेडात धरले.

"काय झालं मावशी?"

"हे दोन्ही मला द्या. जाऊन येते."

महानंदा ओट्यावर ज्वारी निवडत होती. बसवंतरावांच्या दुकानाला कुलूप होतं.

"स्वप्ना कुठं हाय?"

"सोनपेठला. काल तिच्या बापानं नेली. आज पाहुणे साडी नेसवायलेत, सोयरीक पक्की करायला."

"अर्ज कुणी केला?"

"मालकांना इचारा."

"तुझा अंगठा कुणी उठवला?"

"मला काय म्हाईत. मला तर सही येती."

चांगुणाबाई शेजारी बसली. "मीबी हेच धरून चालले. जिला सही येती ती अंगठा देणार न्हाई, म्हंजी बसवंतरावनं दुसऱ्याचा उठवला. मला तसंच पायजे होतं, पोरीचं नाव परत आलं असतं. पण अर्जावरच्या अंगठ्यात तिरपी रेघ हाय. ह्या वहीवर दसऱ्याला विभूती कुणी लावली?"

महानंदानं उजवा हात ज्वारीत खुपसला.

"तुमच्या घरात ती तूच लावतीस. ह्यातबी तीच रेघ हाय. उजवा हात दाव."

महानंदानं मूठ आवळली. मग उघडली. अंगठ्यावर विळ्याचा जुना व्रण होता.

"मालक म्हणले, मी काढली तर पोरगी जन्मभर माझं तोंड बघायची न्हाई. तू काढ. मग दोन वर्षं तिच्या लग्नाचं नाव घेत न्हाई. मला वाटलं, शाळा गेली तरी पोरगी तर ऱ्हाईल. मालक अर्ज देऊन आले, अन् तिसऱ्या दिवशी सोनपेठला जायला गाडी सांगितली."

"मग सही का केली न्हाईस?"

"ती तिनं शिकवलेली, चांगुणाबाई. तिनंच शिकवलेलं नाव तिच्यावर कसं चालवू?"

सव्वाचार झाले होते. महानंदा उठली. "नाव परत घ्या असं लिहून देते. ह्याच्यावर करते सही."

दोघी शाळेत पळत आल्या. महानंदानं एकेक अक्षर लावत सही केली. मुख्याध्यापकांनी नाव परत घेतलं. सरांनी फॉर्म छापून काढला, शेवटच्या चौकटीवर बोट ठेवलं.

"इथं विद्यार्थिनीची सही लागते."

सोनपेठला फोन लावला. बसवंतरावांनी उचलला, पोरगी बायकांत बसलीय म्हणाले आणि ठेवला. पुन्हा लावला तर बंद. सरांनी तालुक्याच्या पोलिसांना कळवलं, अल्पवयीन मुलीचं लग्न ठरवतायत म्हणून. तिकडून विचारलं, लग्न झालं का? साडीच नेसवतायत ना? मग लेखी तक्रार द्या, बघू.

महानंदा चौकटीकडे बघत होती. "ह्याच्यावर मी करू का?"

सरांनी नकारार्थी मान हलवली.

पाच वाजले. पडद्यावरची फॉर्मची खिडकी मिटली. सरांनी महानंदाचा कागद फाइलला लावला. सही सुबक होती. वळण थेट स्वप्नाच्या अक्षराचं.