उसनं ऊन

गोरेगावात आमच्या चाळीसमोर दुसरी चाळ, मध्ये एवढंसं अंगण. समोरच्या चाळीवर सकाळचं ऊन असं पडे की गॅलरीत ठेवलेल्या घागरीत अंडी उकडून निघत. खोटं नाही सांगत! आमच्याकडे मात्र सूर्य फक्त कॅलेंडरावर.

आमच्या चाळीत, तळमजल्यावर पद्मजा राहायची. दिवसभर औषधांच्या कारखान्यात उभ्यानं बाटल्यांना लेबलं चिकटवायची, घरी येऊन आजारी आईचं करायची. स्वतःसाठी म्हणून जन्मात एकच वस्तू घेतली होती तिनं — चहाच्या कपाएवढ्या कुंडीतला बटणगुलाब. तो बिचारा खिडकीत पिवळा पडत चालला होता. एकुलती एक कळी मिटल्यामिटल्याच सुकत होती.

एका सकाळी ती मातीत बोट खुपसून ओल बघत होती, तोच डोळ्यांवर लख्ख उजेड आदळला.

"अहो, डोळे फोडता का माझे?"

समोर, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत जयवंत. स्टुडिओतला लाइटमन. नाइट शिफ्ट करून आलेला, डोळे तांबारलेले. हातात चंदेरी कागद डकवलेली भलीमोठी फळी. फाटका कागद चिकटवायला घरी आणलेली.

"माफ करा... हिरॉइनच्या तोंडावर ऊन पाडायची सवय ना."

"मी हिरॉइन नाही."

"दिसतंय. हिरॉइन एवढ्या लवकर उठत नाहीत."

ती हसली नाही. हसायलाही अंगात जीव लागतो. पण जाता जाता म्हणाली, "पाडायचंच असेल तर... जरा खाली पाडा. कुंडीवर."

झालं! स्टुडिओत त्यानं सांगून टाकलं, फळीची खळ अजून वाळली नाही. आणि रोज सकाळी, झोपायचं सोडून, तो फळी धरून उभा. ती कुंडी हळूहळू फिरवायची, सगळ्या अंगांना ऊन लागावं म्हणून.

"थकत नाही तुम्ही?"

"थकतो ना. तुम्ही?"

"मीसुद्धा..."

एवढंच बोलणं. एकदा तर तो उभ्याउभ्याच झोपला. ऊन घसरलं ते थेट आमच्या वरच्या पुतळाबाईंच्या खोलीत. बाईंनी लगेच पापड वाळत घातले आणि ओरडल्या, "जयवंता, हलू नको रे मेल्या, उडदाचे आहेत!"

कळी टपोरली. लाल रेघ दिसायला लागली. आणि त्याच सकाळी तो म्हणाला, "युनिट आउटडोअरला चाललंय. संध्याकाळची गाडी. दोन महिने तरी..."

पद्मजाची बोटं कुंडीवर थबकली. "मग ह्याचं कसं?"

त्यानं फळी भिंतीला टेकवून ठेवली.

तिनं कुंडी उचलली, अंगण ओलांडलं, जिना चढली आणि कुंडी त्याच्या खिडकीत ठेवली.

"किल्ली द्या. पाणी घालायला यावं लागेल."

त्यानं किल्ली दिली आणि ट्रंकेवर बसकण मारली. "मी आल्यावर... परत नेणार?"

तिनं मातीत बोट खुपसलं. उगाचच. "ह्याला सारखी जागा बदललेली सोसत नाही."

"आणि तुम्हाला?"

"मला तर मुळीच नाही. आईलाही ऊन लागतं. तिलाही आणीन, आधीच सांगून ठेवते."

"आणा... नक्की आणा," म्हणता म्हणता त्याची मान भिंतीला टेकली. झोपलाच!

तोंडावर ऊन आलं होतं त्याच्या. कारखान्याची वेळ टळत होती. पद्मजानं फळी उचलली आणि आडवी धरली... त्याच्या डोळ्यांवर सावली पडेल अशी.

तोच समोरून पुतळाबाईंचा आवाज आला, "अगं, आणि माझे पापड?"