न्हाणीतला वीरगळ

महेश्वरीच्या हातून साबण निसटला आणि न्हाणीतल्या नव्या दगडाखाली गेला. दिवाळीची सुट्टी होती, त्यामुळे आंघोळीला उशीर झाला होता आणि अज्जी बाहेरून बडबडत होती. महेश्वरीने दगडाखालच्या फटीत हात घातला. साबण लागला नाही, खूर लागले. दगडात कोरलेले गाईचे खूर. जरा वर पोट आणि त्याच्यावर वशिंड. तिचा हात तिथंच थांबला.

ही गाय तिने चित्राच्या वहीत काढली होती. वेशीबाहेर एक वीरगळ होता, म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. शिंगाडे बाईंनी चौथीच्या वर्गाला तिथं नेऊन इतिहास शिकवला होता. आधी त्याच्यावर काहीच दिसत नव्हतं. तेल आणि शेंदूर थापून थापून गावाने त्याचा लाल गोळा करून ठेवला होता. बाईंनी पोरांना घेऊन तो रिठ्याच्या पाण्याने घासला. आतून गाई पळवणारे चोर निघाले, त्यांना आडवा गेलेला गडी निघाला, आणि त्या दिवशी घंटा झाली तरी एकही पोर जागचं हललं नाही.

गावाला मात्र ते रुचलं नाही. बाईंनी देव सोलला, असं गाव म्हणू लागलं. सुट्टी लागताच रस्त्याचं काम निघालं आणि दगडच गायब झाला. मग तर सगळ्यांची खात्रीच पटली. बाईंनीच तो साफ करून सोलापुरात कुणाला तरी विकला. पुरावा कशाला हवा, बाई परगावच्या होत्या ना! कुणीतरी त्यांच्या दारात शेण टाकलं. दूधवाल्याने दूध बंद केलं. यात सगळ्यात मोठा आवाज शाळा समितीचे अध्यक्ष चनमल्लप्पा यांचा होता, म्हणजे महेश्वरीच्या अप्पांचा. उद्या बाईंना देवळासमोर उभं करून गाव सोडायला सांगायचं ठरलं होतं.

महेश्वरी ओल्या केसांनीच अप्पांपुढे गेली. "अप्पा, आपल्या न्हाणीत वीरगळ आहे."

अप्पा दचकले नाहीत. त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

"सुम्मनिरु," ते खालच्या आवाजात म्हणाले. गप्प राहा. "जेसीबीवाल्यानं बाकीच्या दगडांबरोबर आणून टाकला, गवंड्यानं पालथा बसवला. मला मागनं कळलं. आता गावाला काय सांगू? उद्या दुपारी गवंडी येऊन फोडून टाकील. विषय संपला."

"पण बाईंना सगळे चोर..."

तिच्या कानाखाली बसली. "बाईला दुसरं गाव मिळंल. मला दुसरं गाव न्हाई."

गाल चोळत ती शाळेच्या ओट्यावर आली. तिथं तिच्या वर्गातले अजिंक्य आणि आरोही बसले होते. तिने सगळं सांगितलं.

"सरळ जाऊन सांगू की," अजिंक्य म्हणाला.

"कुणाला? सगळे अप्पांनाच विचारणार, आणि अप्पा म्हणणार पोरगी खोटं बोलते. तोवर दगडाचा चुरा."

आरोहीने विचार केला. "मोठी माणसं आपलं ऐकत न्हाईत. पण शेंदराचं ऐकतात. शेंदूर लागलेल्या दगडावर कोण घण घालंल?"

"आमच्या सोजरआजीकडं डबाभर हाय शेंदूर," अजिंक्य म्हणाला. "पण महेश्वरी, तू नको येऊस. तुझ्याच अप्पांची अब्रू जायची."

"मी नको तर मागचं दार कोण उघडणार?" ती म्हणाली.

सकाळी अप्पा उठायच्या आत तिने दगडाच्या पाठीवर शेंदूर फासला आणि वर आंघोळीचा पाट ठेवला. अप्पा आले, पाटावर बसले, डोक्याला साबण लावला. तिकडे अजिंक्यने आजीला उठवलं. "आजी, देव सापडला. चनमल्लप्पांच्या न्हाणीत हाय." सोजरबाईंना एवढं पुरलं. निम्मी आळी गोळा करत त्या मागच्या बाजूला आल्या, तर मोरीतून लाल पाणी वाहत होतं.

महेश्वरीने मागचं दार उघडलं, मग न्हाणीचं.

"चनमल्ल्या, ऊठ," सोजरबाई म्हणाल्या. "कशावर बसलाईस?"

"साधा दगड हाय, मावशी."

"मग शेंदूर कुणी लावला त्याला?"

अप्पांनी साबणातून एक डोळा उघडला आणि दाराशी उभी असलेली आपली पोरगी पाहिली. माणसांनी पहार घालून दगड उलटा केला. गाई निघाल्या, चोर निघाले, गडी निघाला.

गावाने अप्पांना सदरासुद्धा घालू दिला नाही. ओल्या टॉवेलवर, डोक्याला फेस तसाच, त्यांना देवळापर्यंत चालवत नेलं, मागून बैलगाडीत वीरगळ. काल बाईंच्या दारात शेण टाकणारेच आज अप्पांवर थुंकत होते. ही फजिती बघायला मजा येईल असं महेश्वरीला वाटलं होतं. मजा आली नाही. तिला रडू आलं.

सरपंच गुरुसिद्धप्पांनी तिघांना देवळासमोरच्या पारावर उभं केलं, हातात नारळ दिले. "अशी पोरं गावाचं भूषण हायत. चोरी पकडली, देव परत आणला." टाळ्या पडल्या. खाली बायका वीरगळाला तेल-शेंदूर थापत होत्या. आधी गाय बुजली, मग चोर, मग गडी.

शिंगाडे बाई गर्दीच्या कडेला एकट्या उभ्या होत्या.

"बाईंनी चोरला नव्हता," महेश्वरी मोठ्याने म्हणाली.

"व्हय की, कळलं की सगळ्यास्नी," गुरुसिद्धप्पा म्हणाले आणि पुढचा नारळ फोडायला वळले. बाईंची तेवढीच माफी मागितली गेली. सोजरबाईंनी बाईंच्या हातावर वरून खोबरं टाकलं. "घ्या. पर पुन्ना देवाला हात लावू नगा."

गर्दी पांगली तरी महेश्वरी पारावरच बसून होती. बाई तिच्याजवळ आल्या. तिच्या गालावरचे वळ त्यांनी पाहिले.

"बाई, तुम्ही आता जाणार?"

"सुट्टी संपली की शाळा आहे. कुठं जाणार?" बाई म्हणाल्या. "तू घरी का जात नाहीस?"

"भीती वाटते."

बाईंनी पदर खोचला. "चल."

दोघी देवळाकडून चनमल्लप्पांच्या दारापर्यंत चालत गेल्या. वाटेत कुणी बाईंना बोललं नाही. बाईंनी कडी वाजवली. दार उघडलं तेव्हा बाई पुढे होत्या आणि महेश्वरी त्यांच्या मागे.