घरातलं माणूस

शेतीवाडी मागे ठेवून माणूस मेला की त्याची मुलं माझ्या ऑफिसात येतात. आधी डोळे पुसतात, मग खुर्ची पुढे ओढतात. इतकी वर्षं हे पाहतोय की आता नुसत्या हुंदक्यावरून मला जमिनीला पाणी आहे की नाही ते कळतं. मृत्युपत्रावर कोर्टाचा शिक्का मिळवून देणं, म्हणजे प्रोबेट, आणि तो मिळेपर्यंत मेलेल्याचं शेत, विहीर, जनावरं यांची व्यवस्था बघणं हा माझा धंदा. मेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा, असं लोक मला माघारी म्हणतात. म्हणोत बापडे. लोणी काढायला मला तेच बोलावतात.

हे दोघे भाऊ आले तेव्हा त्यांनी डोळेसुद्धा पुसले नाहीत. थोरला साठीला टेकलेला, केस काळे केलेले, बोटांत सतत सिगारेट. बाप असेपर्यंत त्याच्यासमोर ओढायची याची छाती झाली नव्हती, हे धाकट्यानेच मला हसत सांगितलं. आता सगळी कसर भरून काढणं चाललं होतं. धाकटा स्वतःचं डोकं घरी ठेवून आला असावा, कारण प्रत्येक वाक्य संपलं की तो थोरल्याच्या तोंडाकडे बघायचा.

शेत आणि घर दोघांना मिळालं होतं. मधला भाऊ बापाच्या आधीच गेला होता आणि त्याची बायको सासऱ्याजवळ राहत होती. तिच्यासाठी म्हाताऱ्याने मृत्युपत्रात एकच वाक्य घातलं होतं: गोठ्यातल्या गाईंची धार जोवर घरातलं माणूस काढतं आहे, तोवर मधल्या सुनेला घराबाहेर काढू नये. असली वाक्यं वकिलाला न विचारता लिहिली जातात आणि मग माझं पोट भरतं.

"ती धार काढतच नाही, वकीलसाहेब," थोरला म्हणाला. "तिला येतच नाही. शेवटपर्यंत बाबाच काढायचे."

"मग गाई आटल्या असतील. काम सोपं आहे."

दोघे एकमेकांकडे बघू लागले.

"आटल्या नाहीत," धाकटा म्हणाला. "रोज सकाळी बादली भरलेली असते."

"म्हणजे तिने गडी लावलाय. गडी घरातलं माणूस नाही. तो सापडला की वहिनी बाहेर."

थोरल्याने समाधानाने धूर सोडला. घर रिकामं झालं की विकत घ्यायला गिऱ्हाईक तयार होतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. निकाल लागेपर्यंत शेताची देखरेख कोर्टाने माझ्याकडे सोपवली होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी मी तिकडे गेलो.

घर बैठं होतं. मागच्या अंगाला स्वयंपाकघर, तिथून चार पावलांवर गोठा. गोठ्याला एकच दार आणि एक खिडकी, तिला गज. आत शेणाचा आणि ओल्या चाऱ्याचा वास. भिंतीशी एक बुटकं लाकडी स्टूल होतं, बसून बसून मधोमध झिजलेलं. गाई स्वच्छ होत्या. माझ्या पक्षकारांपेक्षा जास्त स्वच्छ, असं मनात आलं.

सून स्वयंपाकघरात होती. चाळिशीची, हडकुळी, हात सतत कामात. मी येणार हे माहीत असूनही तिने साडी बदललेली नव्हती की चेहरा रडका केलेला नव्हता.

"धार कोण काढतं?" मी विचारलं.

"मी नाही काढत. मी चारा घालते, शेण काढते. सडाला हात लावला की लाथ मारतात मला."

मी कागद पुढे ओढला. खोटं बोलणारे मी रोज पाहतो, पण असा स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारा प्राणी विरळा.

"मग कोण काढतं?"

"मामंजी."

"तुमचे सासरे वारले, बाई."

"हो ना," ती म्हणाली आणि चुलीवरचं पातेलं सारखं केलं. "धार काढून आले की हात धुवायला गरम पाणी लागायचं त्यांना. अजून ठेवते. वापरलेलं असतं."

"इथून निघालात तर कुठे जाल?"

"कुठेच नाही. माहेरी कोणी उरलं नाही." तिने हे पाण्याबद्दल बोलावं तसंच सांगितलं.

मी तिचा जबाब लिहून घेतला आणि सही घेतली. ती वाचून न बघता सही करत होती, आणि मला दया आली नाही, कंटाळा आला. माणसाने इतकं भोळं असू नये. वकिलाच्या वेळेचाही अपमान होतो.

त्या संध्याकाळी मी गोठ्याला माझं कुलूप घातलं, वर लाख लावून माझा शिक्का उठवला. दोघे भाऊ साक्षीला उभे होते. किल्ली माझ्या खिशात आली आणि मी तालुक्याला परतलो.

सकाळी आलो तेव्हा शिक्का शाबूत होता. मी भिंगातून पाहिला. कुलूप काढून आत गेलो तर बादली भरलेली होती आणि दुधावरचा फेस अजून बसलेला नव्हता.

थोरल्याच्या हातातली सिगारेट विझली तरी त्याला कळलं नाही. मी दोघांनाही गाढव ठरवून मोकळा झालो. गोठ्याला दुसरी वाट असणारच. मी काठीने प्रत्येक फळी ठोकली, गज हलवून पाहिले, चारा उपसायला लावून जमीन तपासली. कुठे उंदराचं बीळसुद्धा नव्हतं.

धाकटा एका गाईपाशी वाकला होता. "हे बघा," तो म्हणाला. सडांवर एका बाजूने वळ होते. "बाबा मुठीने नाही काढायचे. अंगठा आत मुडपून काढायचे. असाच वळ पडायचा. अंगठ्यावर गाठ आली होती त्यांच्या."

"शेजारपाजारी कोणी तसंच काढत असेल," मी म्हणालो. "मी स्वतः आत बसतो. बाहेरून कुलूप घाला."

वकिलाने स्वतः साक्षीदार व्हायचं नसतं. पण या लोकांपैकी एकाच्याही शब्दावर मला कोर्टात उभं राहायचं नव्हतं. त्या रात्री मी त्यांच्याच ओसरीवर झोपलो आणि उजाडायच्या सुमाराला त्यांनी मला गोठ्यात कोंडलं. भाऊ बाहेर दाराशी बसले. मी चाऱ्याच्या भाऱ्यावर टेकलो, हातात टॉर्च, मनात जबाबाचा मसुदा. धार कोणीही काढली नाही. गाई तुंबलेल्या आढळल्या. एवढी दोन वाक्यं पुरली असती. सून दुपारपर्यंत बोचकं बांधून रस्त्यावर आली असती, आणि मी पुढच्या मृत्युपत्राकडे वळलो असतो.

गाई रवंथ करत होत्या. खिडकीच्या गजांतून उजेड हळूहळू आत येत होता.

मग रवंथ थांबलं. एकदम, सगळ्यांचं.

दाराजवळच्या गाईने दाराकडे मान वळवली. बाकीच्यांनीही. दार बंद होतं, आणि बाहेर थोरला खोकत होता.

तिने मागचा पाय बाजूला घेतला, माणसाला जागा करून द्यावी तसा.

स्टूल करकरलं.

बादलीच्या तळावर पहिली धार वाजली. मग दुसरी. रिकाम्या बादलीचा तो आवाज मी लांबून अनेकदा ऐकला असेन, पण इतक्या जवळून कधी नाही. मी टॉर्च लावला. स्टुलावर कोणी नव्हतं. बादलीत दूध चढत होतं.

मी मनातला मसुदा पुन्हा म्हणायला लागलो. धार कोणीही काढली नाही.

आवाज थांबला.

गाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बाकीच्या गाईंनीही. काचेच्या गोळ्यांसारखे ते डोळे माझ्यावर होते आणि एकीनेही पापणी हलवली नाही. वेळ गेला. बाहेर उजाडलं. एकही गाय हलली नाही आणि स्टूल रिकामंच होतं.

मी उठलो. का उठलो ते मी आजवर कोणाला सांगू शकलेलो नाही.

स्टूल बसायला उबदार होतं.

गाईला मी जन्मात हात लावलेला नाही. दूध मला पिशवीतलं माहीत. माझा हात खाली गेला, आणि अंगठा आत मुडपला.

कुलूप निघालं तेव्हा बादली भरत आली होती. दारात दोघे भाऊ उभे होते. आधी थोरला दचकला, मग मोठ्याने हसला.

"वकीलसाहेब, तुम्हीच? अहो, मग मिटलंच की. तुम्ही कुठे घरातले?" त्याने नवी सिगारेट पेटवली. "लिहा आता. घरातल्या माणसाने धार काढली नाही."

मुद्दा बरोबर होता. त्याच्या आयुष्यातला पहिला बरोबर मुद्दा असावा. मी बादली उचलून बाहेर आलो. उजवा अंगठा सरळ होत नव्हता.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात वाफाळतं पातेलं. तिने भावांकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली,

"मामंजी, पाणी तापलंय."

"आलो," मी म्हणालो.

थोरल्याच्या समोरून जाताना मी थांबलो. "तिला कोणी घराबाहेर काढायचं नाही."

धाकट्याने सवयीने थोरल्याच्या तोंडाकडे पाहिलं.

थोरल्याने मान खाली घातली. "बरं," तो म्हणाला, आणि जळती सिगारेट पाठीमागे लपवली.