दक्षिणेकडं फिरलेली बाज

पौषातली सकाळ. झरीहून वालूरला मामाकडे आलेली सरजा, म्हणजे माझी आई, मातीच्या माळवदावर मिरच्या पसरत होती. शेजारच्या माळवदावर शिडीनं एक जण चढला... खांद्यावर काळी काच.

"एवढा काळा आरसा? यात तोंड कसं दिसायचं?"

"यात सूर्यानं बघायचं असतंय," तो म्हणाला. "मग रातच्याला दिवा लागतोय."

"रॉकेलबिगर? थापा मारायला लय हुशार दिसता!"

ते रेडिओ दुरुस्त करणारे भुजंग, माझे बाबा. साल सत्याऐंशी. आळीत वीज नव्हती. सौर पॅनेल त्यांनी हैदराबादहून आणलेलं. असे दिवे गावाला बसवून द्यायचे, हा बेत. त्यांनी खिळे काढले.

"अवो, मातीत खिळे नका ठोकू! पावसाळ्यात घरात धार लागंल. बाजेला बांधा की."

बाज तिरकी उभी करून तिला बांधलं, दक्षिणेकडं तोंड केलं. खालून तानुबाई, बाबांची माय, दिशा विचारून ओरडली, "यमाच्या दिशेला? माझ्या घरावर न्हाई!"

बाज पूर्वेला फिरली. दिवा लागला, आणि भाकरी व्हायच्या आत विझला. आठ दिवस तेच. बघायला आलेले लोक हसून गेले.

"सोमवारी हैदराबादला जायलोय," बाबा म्हणाले. "भावानं काम बघून ठेवलंय."

आई मिरच्या उलथत राहिली. "सूर्य सध्या दक्षिणेच्या अंगानं चालतोय. माझ्या तिकडच्या मिरच्या आधी वाळायल्यात."

"ठाव हाय. पण माय..."

"तुमची माय शिडी चढती का?"

"न्हाई. गुडघे..."

"मग झालं तर!"

रोज सकाळी आई दोन माळवदांमधली बुटकी भिंत ओलांडून बाज फिरवायची, सांजेला पुन्हा पूर्वेला. दिवा जेवणं उरकेपर्यंत टिकू लागला. सोमवार गेला. बाबा गेले नाहीत.

एका दुपारी तानुबाई कण्हत शिडी चढली. दोघांचे हात बाजेवर.

"कुणी फिरवली?"

"मी," आई म्हणाली.

"माय, तिला बोलू नको. दिव्यासाठी न्हाई... हिच्यासाठी थांबलोय मी."

आईनं मान वर केली नाही. तानुबाई गुडघे चोळत बसली.

"यमाचं मी बघते. पण पोरीनं अशी भिंत ओलांडत यावं का? मामाला बोलाव हिच्या. दारातनं आणू."

आईला जाऊन सव्वा महिना झाला. काल बाबा म्हणाले, "मायला मीच सांगितलं होतं गं, वर काय चालतंय ते. लग्नाचं कसं विचारावं, दुसरं काय सुचंना. तुझ्या आईला मात्र... कधी कळू दिलं न्हाई."